पाणी बदला, असं मी सांगितलं

कुपवाडच्या सुमनवहिनी. सत्त्याण्णव साल, गौरी यायच्या आदल्या दिवशीची दुपार. त्यांचं वाटोळं मी तेव्हा केलं. हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही — आमच्या समितीतही नाही.

कारखान्याच्या सांडपाण्याविरुद्ध ही समिती होती, तिची पत्रकं मी लिहायचो. पाणी घाण होतंच, त्यात खोटं काही नव्हतं. पण पत्रकाला एक लेकरू लागतं — नाही का? वहिनींची सोनी तीन वर्षांची. मान धरत नव्हती, बुबुळं सारखी थरथरायची. नवरा मिलिट्रीत, म्हणून डॉक्टरकडे सोबत मी गेलो. म्हणून? दाखला हवा होता मला.

डॉक्टरांनी मला दीर समजून आत घेतलं. म्हणाले, मेंदूतल्या तंतूंवर आवरण चढवणाऱ्या पेशी असतात. त्यांना हुकूम सोडणारी प्रथिनं एकाच घराण्यातली — एक म्हणतं घडव, दुसरं म्हणतं थांब, एखादं भावंडाची जागा भरून काढतं. हे आत्ता कुठं उलगडतंय. सोनीला ते आवरण चढलंच नाही. नेमकं कुठं अडलं, सांगता येत नाही. पण आईबाप आते-मामे भावंडं ना? मग आजार रक्तातला. पुढच्या लेकरालाही होऊ शकतो. पाण्याचा संबंध दिसत नाही. पुढच्या लेकराचा विचार करण्याआधी नवराबायकोनं येऊन मला भेटावं, म्हणाले. तशी चिठ्ठीही दिली.

बाहेर वहिनी सोनीची लाळ पुसत बसलेल्या. "आवं, काय म्हनले? पान्यानंच न्हवं?"

पत्रक दुसऱ्या दिवशी छापायला जायचं होतं. चिठ्ठी खिशात. म्हणालो, "व्हय वहिनी. पाणी बदला."

"मग दुसऱ्या येळंला म्हायेरी जाती. रहिमतपूरच्या आमच्या हिरीचं पानी लय ग्वाड हाय."

मी मान डोलावली. भ्याडपणा की लबाडी? दोन्ही.

त्या गेल्या. नऊ महिने माहेरचं पाणी प्यायल्या. मुलगा झाला — त्याचीही मान धरेना. भेटायला गेलो तर चहा ठेवला, आणि खाली बघत म्हणाल्या, "पाचव्या म्हैन्यात दोन दीस कुपवाडला आलती मी. तवा तांब्याभर पानी प्याले. माजंच चुकलं."

मी चहा प्यालो. संपवला — आणि उठलो.

सोनी गेली. धाकटाही त्याच वाटेवर आहे. वहिनी अजून तो तांब्या विसरल्या नाहीत.

तुमच्या घरात नात्यात लग्न झालंय, पहिलं लेकरू असं निघालंय? मग आमच्यासारख्यांचं पत्रक खाली ठेवा. नवराबायको दोघं डॉक्टरसमोर बसा, आणि तो काय सांगतो ते स्वतःच्या कानांनी ऐका. सोबत आलेल्याला आत पाठवू नका.