आधी ब्रेक पाहिला

दुबईच्या करामा भागात सायकली दुरुस्त करणारे एक चाचा आहेत, रत्नागिरीकडचे. गिऱ्हाईक कितीही घाईत असलं, तरी ते चाक फिरवून कान लावतात आणि म्हणतात, "बघू, इन्शाल्ला."

गेल्या वर्षी आम्ही तिघे मित्र सायकली घेऊन स्पेनच्या डोंगरात गेलो होतो. पाइनच्या जंगलातल्या ओल्या उतारावर आमच्यातला एक वळणावरून दरीत पडला आणि जागीच गेला. वहिनींनी त्याची सायकल विकायला सांगितली, म्हणून मी ती चाचांकडे नेली.

त्यांनी आधी ब्रेक दाबून पाहिला. मग पुन्हा पुन्हा पाहिला.

"लागतोय," म्हणत ते स्टुलावर बसले. "मीच बसवला होता. तुमचा फोन आल्यापासून झोप नाही मला."

माणूस गेला आणि यांना ब्रेकची पडलीय, असं वाटून मला रागच आला.

थोड्या वेळाने ते उठले आणि फ्रेमवरून बोट फिरवत म्हणाले, "ही विकायची नाही. कार्बनला आत तडा गेला तर बाहेरून दिसत नाही. दुसरा कुणीतरी हिच्यावर बसून उतारावर जाईल."

"वहिनींना काय सांगू?"

"माझं नाव सांगा."

त्यांनी करवत घेतली. फ्रेम हलू नये म्हणून दुसरं टोक मी धरलं.