रायोनमधला सोमवारचा बाजार

निघायच्या दिवशी चाळीसगाव स्टेशनवर अण्णांनी, माझ्या वडिलांनी, मला विचारलं, “तुम्ही राहणार त्या गावाला नदी कोणती?” अण्णांनी सावखेड्याच्या हायस्कुलात आयुष्यभर भूगोल शिकवला, त्यामुळे कुठल्याही गावाची ओळख त्यांच्या लेखी नदीपासून सुरू व्हायची. मला माहीत नव्हतं. माझा नवरा निखिल कंपनीच्या कामावर तीन महिने आधीच टोकियोला गेला होता आणि घर शेजारच्या इचिकावात मिळालंय, एवढंच त्याने कळवलं होतं. “बघून सांगते,” म्हटलं. आई म्हणाली, “पोळ्या आधी संपव, दशम्या टिकतील.” दोन वर्षांच्या इराला कडेवर घेऊन मी गाडीत चढले. मागे वळून बघायचं राहूनच गेलं, कारण बॅगेचं चाक पायरीत अडकलं होतं.

नदी निघाली एदोगावा. अण्णांनी लगेच तिचा उगम विचारला, तो मला पुन्हा शोधावा लागला. कॉन्ट्रॅक्ट दोन वर्षांचं होतं, आता तेरा वर्षं झाली. माझ्यासारखे इकडे आलेले तुम्ही हे ओळखता; तिकडे राहिलेल्यांना ते कसं समजवावं कळत नाही. कुणी ठरवून राहत नाही हो. शाळेची टर्म संपू दे, व्हिसा रिन्यू होऊ दे, एवढं प्रोजेक्ट डिलिव्हर होऊ दे, असं करत करत माणूस राहतो. जळणारा कचरा मंगळवार-शुक्रवारी बाहेर ठेवायचा, बाटल्या गुरुवारी, हे मला आता सणवारांपेक्षा पक्कं पाठ आहे. इराला मराठीत हाक मारली की ती खोलीतूनच “चोत्तो मात्ते” म्हणते, म्हणजे थांब जरा. मी थांबते.

पुण्यात मी रशियन शिकले होते. त्यालाही कारण अण्णाच. शाळेच्या भिंतीवर सोव्हिएत संघाचा भला मोठा नकाशा होता, आणि तो देश मोडला तरी अण्णांनी नकाशा उतरवू दिला नाही. “देश गेला, पण नद्या आहेत ना तिथेच,” म्हणायचे. जपानला आल्यावर बरीच वर्षं ते रशियन तसंच पडून होतं. मग टोकियोच्या कोतो भागातल्या एका लहानशा ऑफिसात मला अरुबाइतो, म्हणजे पार्ट-टाइम काम मिळालं. लाकूड मागवणाऱ्या कंपन्यांसाठी हे ऑफिस रशियातल्या ग्रामीण भागांची माहितीपत्रकं तयार करतं. रशियन कागद वाचून मी इंग्रजीत लिहायचं, आणि ओकादा-सान नावाच्या साठीच्या बाईंनी ते तपासून जपानीत करायचं. युद्धापासून तिकडचा व्यवहार बराच आटलाय. आमची पत्रकं आता कोण वाचतं देव जाणे, पण हाती घेतलेला संच पुरा करायचा म्हणून काम चालू आहे.

रायोन म्हणजे साधारण आपला तालुका. गेलं वर्षभर माझ्याकडे सायबेरियातला एक रायोन आहे, मी कधीही न पाहिलेला. साचा ठरलेला: स्थान, नद्या, इतिहास, लोकसंख्या, वाहतूक, अर्थव्यवस्था. तिथली नदी उत्तरेकडे वाहते आणि हिवाळ्यात गोठली की तिच्यावरूनच ट्रक जातात. आधी झारच्या कोसॅक सैनिकांची लाकडी चौकी होती, मग जमीन शोधत शेतकरी आले, मग हद्दपार केलेली माणसं, मग सामूहिक शेती, मग लाकडाचा कारखाना. कारखाना बंद पडला तशी तरुण मंडळी शहराकडे गेली. गावांच्या यादीत काही नावांपुढे लोकसंख्या शून्य लिहिलेली असते. तिथे कोणी उरलेलं नाही, पण नाव काढलेलं नाही. पहिल्यांदा मला ती छपाईची चूक वाटली. ओकादा-सान म्हणाल्या, “चूक नाही. तसंच लिहायचं.” मी तसंच लिहिलं.

मागच्या दिवाळीनंतर आई गेली. अचानक. मी सावखेड्याला पोहोचेपर्यंत अण्णांनी अग्नी दिला होता. आलेल्या बायका माझ्या पाठीवरून हात फिरवून म्हणत होत्या, “रड गं, मोकळी हो.” मला रडू आलं नाही. मी सगळ्यांना चहा केला आणि दाराबाहेरच्या चपला नीट लावल्या. तेरावं झाल्यावर परत आले आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसात बसून रायोनचा ‘वाहतूक’ हा भाग लिहिला. चांगला झाला तो, एकही दुरुस्ती निघाली नाही. मला वाईट वाटत नव्हतं, बरंही वाटत नव्हतं. दातांच्या डॉक्टरने इंजेक्शन दिल्यावर आपलाच गाल आपला वाटत नाही, तसं काहीसं होतं. निखिल विचारायचा, “ठीक आहेस ना?” आणि मी खरंच ठीक होते, हेच मला विचित्र वाटायचं.

महिन्याभराने अण्णांनी फोनवर सरळ विचारलं. “शुभा, तू कधी या घरात परत राहायला येणार आहेस का? हो म्हणालीस तर तुझं सगळं आहे तसं ठेवतो. नाही म्हणालीस तर माझं मी ठरवतो. आत्या नाशिकला बोलावतेय. पण तू काहीतरी सांग.” मी म्हटलं, “सांगते.” त्यानंतर दर रविवारी आम्ही बोलायचो. त्यांचं बीपी, इकडची थंडी, इराची परीक्षा. मग ते “आणखी काय?” विचारायचे, आणि मी “बरं, ठेवते” म्हणायचे. हो म्हणणं खोटं ठरलं असतं. नाही म्हणायला तोंड उघडत नव्हतं. असे सहा महिने काढले मी. अण्णा तिकडे एकटे माझ्या उत्तरावर अडून बसले होते, हे मला कळत होतं. फक्त त्याचं काही वाटत नव्हतं.

जूनमध्ये मी रायोनचा शेवटचा भाग दिला, ‘अर्थव्यवस्था’. आमच्याकडे पद्धत अशी की प्रत्येक वाक्यापुढे समासात एक आकडा लिहायचा, ती माहिती कुठल्या कागदातून घेतली त्याचा. ओकादा-सान लाल पेन्सिल घेऊन एकेक वाक्य मूळ कागदाशी ताडून बघतात. त्या दिवशी त्या माझ्या टेबलाशी आल्या. “शुभा-सान, या दोन वाक्यांना आकडा नाही.”

मी वाचलं. ‘मुख्य गावात दर सोमवारी नदीकाठी बाजार भरतो. त्या दिवशी शाळा सकाळची असते.’

सगळे कागद पुन्हा चाळले. सोमवार कुठेच नव्हता. सोमवार सावखेड्याचा. बाजाराच्या दिवशी शाळा लवकर सुटायची, अण्णा माझं दप्तर स्वतःच्या खांद्याला लावून माझ्या हातात पिशवी द्यायचे, आणि गिरणेच्या काठी आई मिरच्यांच्या ढिगापाशी घासाघीस करत उभी असायची. हा अख्खा बाजार मी सायबेरियात नेऊन बसवला होता आणि लिहिताना मला पत्ताही नव्हता.

“हे कुठलं?” ओकादा-साननी विचारलं.

“माझ्या गावचं. सुमिमासेन, माफ करा.”

“तिथे आता कोण असतं?”

“वडील. एकटेच.”

ओकादा-साननी पेन्सिल टेबलावर ठेवली. त्यांचं गाव उत्तरेकडे कुठेतरी बर्फात आहे, एवढंच मला माहीत होतं. “मी आईला शेवटपर्यंत ‘येईन’ म्हणत राहिले,” त्या म्हणाल्या. “दर नववर्षाला ती माझी गादी उन्हात टाकायची.” मग त्यांनी माझ्या दोन्ही वाक्यांवर लाल रेघ मारली आणि पुढचं वाक्य तपासायला घेतलं.

जेवणाच्या सुट्टीत मी कालव्याकाठच्या बाकावर जाऊन अण्णांना फोन लावला. तिकडे सकाळ होती. “अण्णा, मी परत येणार नाही. भेटायला येत जाईन. राहायला नाही येणार.”

अण्णा म्हणाले, “बरं. एवढं सांगायला सहा महिने लागले होय गं तुला?”

“मग तुम्ही आता आत्याकडे जाणार?”

“छे! मी कशाला जातो? तुझी खोली बंद ठेवली होती, ती आता उघडतो. दहावीच्या तिघी पोरी आहेत, घरी अभ्यासाला जागा नाही त्यांना. कधीच्या विचारतायत. उद्यापासून बसू दे.”

“छान,” म्हटलं. मग विचारलं, “टेबल कुठलं देणार?”

“तुझंच की. खिडकीकडचं.”

“त्यावर आईनं विणलेलं कापड आहे.”

“ते काढावं लागेल, शाई सांडेल. घडी करून कपाटात ठेवतो.”

आणि मला राग आला. चांगलाच, कानशिलं तापवणारा. कोण कुठल्या या पोरी, माझ्या टेबलाशी बसणार, माझ्या खिडकीतून बघणार! नाही म्हणून मला दोन मिनिटंही झाली नव्हती. तेरा वर्षांत त्या खोलीची मला आठवण आली नव्हती, पण ती दुसऱ्याला दिली तेव्हा दुखलं. माझ्यासाठी घर म्हणजे आता एवढंच उरलंय: जिथली माझी जागा दुसऱ्या कुणाला दिली तर जिव्हारी लागतं. इचिकावातल्या फ्लॅटबद्दल मला असं अजून वाटत नाही. सावखेड्यात ते कापड आता कपाटात जाणार होतं, आणि ते पुन्हा काढून, झटकून टेबलावर घालायला तिथे आई नव्हती. उघडा डबा मांडीवर तसाच ठेवून, येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर, मी मोठ्याने रडायला लागले.

“अण्णा,” मी म्हणाले, “आई गेली हो.”

“हो पोरी,” ते म्हणाले. “सात महिने झाले.”