रविवार विसरलेल्यांची दिजाँ सहल

मस्कतकर मंडळी, राग ताजा आहे तोवर लिहून टाकते.

आज आम्ही पॅरिसहून ट्रेनने दिजाँला आलो. ओमानमध्ये ट्रेनच नाही, त्यामुळे मुलांचा हा पहिलाच ट्रेनप्रवास. येताना सगळे खुशीत होते. दिवस ह्यांनी निवडला होता. "रविवारी जाऊ, वर्किंग डे आहे, गर्दी नसेल."

गर्दी नव्हतीच. गावभर शटर खाली. ज्या मोहरीसाठी हे गाव प्रसिद्ध, तिचं दुकान बंद, मंडई बंद, आणि हॉटेल सापडेपर्यंत दुपारचं जेवण खलास. धाकटीने विचारलं, "बाबा, फ्रान्स क्लोज्ड आहे?"

तेव्हा कुठे आम्हा दोघांच्या डोक्यात प्रकाश पडला. मस्कतच्या शुक्रवारच्या सुट्टीत इतकी वर्षं काढली की इथे रविवारी सुट्टी असते हे मलाही सुचलं नाही.

शेवटी चर्चच्या पायरीवर बसून घरून आणलेला चिवडा खाल्ला. तेवढ्यात ह्यांच्या साहेबांचा मस्कतहून फोन आला, एक फाईल हवी होती. मग दुसरी. आज आमच्यासाठी उघडं होतं ते फक्त ह्यांचं ऑफिस.

लहानपणी आठवडाभर ज्या रविवारची वाट बघायचो, तो तुमच्या डोक्यातून कधी गेला, आठवतंय कोणाला?