तिच्या जागी सुपारी

आम्ही नवराबायकोने मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे रेती चाळणं. चाळण मोठी होती, एकट्याला धरवत नव्हती. एका बाजूला ती, एका बाजूला मी. रेती खाडीची, त्यात शिंपले फार. ती मधेच थांबायची आणि जाळीवरचे शिंपले हाताने वेचून टाकायची. मी म्हटलं, "अगं, चाळण कशासाठी हाय मग?" ती म्हणाली, "तुमी हलवा. बोलू नका."

चाळलेली रेती विहिरीच्या गोड्या पाण्यात तीनदा धुवायची, हा तिचाच हट्ट. खारी रेती तशीच वापरली तर भिंतीला पुढे पांढरं फुटतं, हे तिला माहीत होतं. गवंडी हसला होता, म्हणाला, "काकी रेतीला न्हाऊ घालतात." घालू दे की. घर कोणाचं होतं?

दुपारी आम्ही जेवलो. ती म्हणाली, छातीवर दगड ठेवल्यासारखं वाटतं. मी म्हटलं, काम झालं जास्त, पड जरा. हे मी बोललो ते मला अजून टोचतं. तासाभराने तिला दवाखान्यात न्यायला रिक्षात घातलं. तळ्याच्या रस्त्याला लागेपर्यंत ती माझ्या खांद्यावर होती, पण नव्हती.

आता मला जे लिहायचं आहे ते पुढचं आहे. मी चौथी शिकलेला माणूस, लिहायची सवय नाही. पण डोक्यात राग बसला की तो कुठेतरी काढावा लागतो.

आमचं जुनं घर वादळात गेलं. कौलं उडाली, मातीच्या भिंती भिजून बसल्या, मागचा फणस आडवा झाला. आम्हाला मूलबाळ नाही. भावकीतले म्हणाले, आता या वयात कशाला बांधता, पुतण्याच्या पडवीत राहा. ती म्हणाली, "पडवीत शेळ्या राहतात." तेव्हाच घर बांधायचं ठरलं. तोवर राहायला अंगणात झापांचं खोपट घातलं.

आमच्याकडे भातलावणीला सावड असते. आज सगळ्यांनी मिळून तुझं शेत लावायचं, उद्या माझं. मजुरी नाही, ज्याचं शेत त्याने जेवण घालायचं. ती म्हणाली, शेताला चालते तर घराला का नाही? वाडीत घरोघर जाऊन तीच सांगून आली. मी गेलो असतो तर दोन माणसं आली असती. ती गेली म्हणून सगळी वाडी आली.

जांभ्या दगडाच्या चिऱ्यांचा ट्रक आला तो देवळाच्या वळणावरच अडला. आत रस्ता नाही. ड्रायव्हरने चिरे तिथेच उतरवले आणि निघून गेला. देवळापासून आमच्या जोत्यापर्यंत चढ आहे. बायकांनी डोक्यावर चुंबळी ठेवल्या, पुरुषांनी खांद्यावर घेतले, दोन दिवस लाल धुळीने सगळ्यांची तोंडं सारखी झाली होती. कोण सासू, कोण सून ओळखू येत नव्हतं. खालच्या मोहल्ल्यातला भाई स्वतःहून आला. तो वीस वर्षं दुबईला बांधकामावर होता. चढावर दम लागला तसा चिरा खाली ठेवून म्हणाला, "भाभी, तिकडे चाळीस मजले चढवले. तुमच्या चार भिंती त्याच्यापेक्षा भारी निघाल्या."

"तिकडं लिफ्ट होती," ती म्हणाली. "उचला."

फणस पडला होता त्याच्या लाकडाची चौकट केली, पुढच्या दाराची. जोतं झालं, मागची भिंत खिडकीपर्यंत आली. एकदा ती लांबून बघून म्हणाली, "गवंडी, तुमची भिंत प्यायलीय." गवंड्याने ओळंबा सोडला तर खरंच अर्धं बोट कलली होती. त्याने गुपचूप दोन थर काढले. पुढची बाजू तेवढी चौकटीसाठी थांबली होती. चौकट उभी राहिल्याशिवाय त्या अंगाला चिरा लागत नाही.

आणि ती गेली.

ती गेली त्या दिवशी बायकांनी तिला हिरवं लुगडं नेसवलं, मळवट भरला. नवरा जिवंत असताना गेली, अहेव गेली, म्हणजे भाग्याची. वाडीतल्या, शेजारच्या वाडीतल्या बायका तिच्या पाया पडत होत्या, तिच्या कपाळाचं कुंकू स्वतःच्या कपाळाला लावून घेत होत्या. मला येऊन सांगत होत्या, सोन्यासारखं मरण आलं हो. मरण कसलं सोन्यासारखं? दुपारी जेवलेलं ताट तसंच पडलं होतं.

दहावं झालं, तेरावं झालं. मधल्या दिवसांत माणसं येऊन बसायची आणि निघताना हळूच बोलायची. घराने बळी घेतला. म्हातारपणी बाईला रेतीत राबवली. हे बोलणारे तेच, ज्यांनी तिच्या हातची भाकरी खाऊन चिरे वाहिले होते. मला तेव्हाच बोलायचं होतं. पण सुतकात माणसाच्या तोंडाला कुलूप असतं, चावी दुसऱ्यांकडे.

चौदाव्या दिवशी दुपारी माझा थोरला चुलतभाऊ आला. आम्ही त्याला दादा म्हणतो. भावकीत त्याचा शब्द चालतो. बरोबर त्याचा मुलगा, म्हणजे ज्याच्या पडवीत मी राहायचं होतं तो पुतण्या.

दादा म्हणाला, "घराचं काम वर्षभर थांबव. वर्षश्राद्ध झाल्याबिगर शुभकार्य न्हाय."

मी म्हटलं, "पावसाळ्यात राहू कुठं?"

तो म्हणाला, "तसं म्हणशील तर वाट हाय. चौकटीच्या पूजेला जोडपं लागतं. तू आता एकटा. हा आणि त्याची बायको बसतील."

वाट किती लवकर सापडली बघा. वर्षभर बंद असलेलं शुभकार्य पुतण्या बसला की चालू. आमच्या भागात चौकटीच्या पूजेला जो बसतो त्याचं घर, असं लोक धरतात. कागद काही का म्हणेना. हे मला माहीत, दादाला माहीत, आणि पुतण्या खाली बघत होता म्हणजे त्यालाही माहीत.

मी म्हटलं, "मी बसणार. माझं घर हाय."

दादा म्हणाला, "मग रिवाजाने बस. कमरेला सुपारी खोच. बायकोच्या जागी सुपारी चालते, शास्त्रात हाय."

मी त्याला परत विचारलं, "कोणाच्या जागी?"

"बायकोच्या."

दोन आठवड्यांपूर्वी जिच्या कपाळाचं कुंकू न्यायला अंगणात गर्दी झाली होती, तिच्या जागी आता सुपारी. जिने वाडी गोळा केली, रेती धुतली, गवंड्याची कललेली भिंत पकडली, ती एवढीशी, धोतराच्या गाठीत मावेल एवढी. मेली तेव्हा देवी आणि चौदा दिवसांत किराणा मालाच्या पुडीतली वस्तू. मला शास्त्र कळत नाही, पण हे ज्याने लिहिलं त्याने बायकोबरोबर कधी चाळण धरली नसेल.

मी म्हटलं, "दादा, सुपारी माझ्या कमरेला लागायची न्हाय. आणि पूजेला दुसरं कोण बसायचं न्हाय."

"मग भावकी कामाला यायची न्हाय. सांगून ठेवतो."

"न्हाय तर न्हाय."

पुतण्या म्हणाला, "काका, बापूस तुमच्या भल्याचं सांगतो."

मी म्हटलं, "माझं भलं करणारी गेली. तू घरी जा."

ते गेले. बोलायला बोललो, पण भावकी आली नाही तर ते घर होणार कसं? भिंती अर्ध्या, छप्पर नाही, पावसाला दोन महिने. आणि माझ्या अंगात चिरा उचलायची ताकद आता नाही, हे काही दादाने सांगायला नको. संध्याकाळभर मी जोत्यावर बसून होतो. पुतण्याला बसवलं तर छप्पर होईल. मग मी त्या छपराखाली पाहुणा. ती पडवीबद्दल बोलली होती ते आठवलं आणि पुढचा विचार बंद केला.

सकाळी उजाडताच आंघोळ करून गवंड्याच्या दारात गेलो. तो दात घासत होता.

"आज चौकट उभी करायची," मी म्हटलं.

"भटजी?"

"न्हाय."

"भावकी?"

"न्हाय. चौकटीला माणसं किती लागतात?"

"तीन," तो म्हणाला. "दोन धरायला, एक ओळंब्याला."

"तू, मी आणि भाई."

त्याने चूळ भरली. "काका, नारळ तरी फोडू या. माझ्या हाताला बरं वाटेल."

नारळाला माझी ना नव्हती. भाईला बोलवायला गेलो तर तो चप्पल घालून निघालाच होता, मोहल्ल्यापर्यंत बातमी आधीच पोचली होती. चौकट आणली, नारळ फोडला, उंबऱ्याखाली रेती-सिमेंटचा माल पसरला. मी डावी बाजू धरली, भाईने उजवी. गवंडी ओळंबा सोडून एक डोळा मिटून बघत होता. "सूतभर आत. अजून. थांबा."

रस्त्यात दादा येऊन उभा राहिलेला मला दिसला.

तेवढ्यात त्याच्या मागून वहिनी आली. दादाची बायको. हातात ताट, त्यात हळदकुंकू आणि तांदूळ. सरळ चढून जोत्यावर आली.

"भावजी, जरा सरा. कुंकू लावायचं काम तुमचं न्हाय."

दादा रस्त्यातून म्हणाला, "तुला कोणी बोलावलं?"

वहिनीने मागे वळून बघितलं नाही. फणसाच्या लाकडाला हळदीची बोटं ओढत म्हणाली, "आपली चौकट बसली तवा तुमी मुंबईला कामावर होतात. माझ्या शेजारी पूजेला भावजींची बायकोच बसली होती. तवा न्हाय कोणी सुपारी मागितली."

भाई दुसऱ्या बाजूने म्हणाला, "वहिनी, लवकर. हात भरून आलाय."

"चाळीस मजले बांधलेत ना," ती म्हणाली, आणि दोन्ही बाजूंना कुंकू लावून, तांदूळ टाकून उतरून गेली. दादा निघून गेला नाही. वरही आला नाही.

गवंड्याने बाजूंना माल भरला, चिऱ्याचे तुकडे ठोकले, दोन बांबूंचे टेकू लावले. भाईने हात सोडून खांदे चोळले. ऊन अंगणात आलं होतं. मी चौकट धरूनच होतो.

गवंडी म्हणाला, "काका, टेकू लागलेत. सोडा आता."

मी म्हटलं, "तू तुझं काम कर."