आमच्याकडे हर्निया वर होतो

ऑपरेशन म्हणाल तर दोन-अडीच तासांचं. पण त्याच्या आधी आणि नंतर लोक जे काही बोलले, ते अजून संपलेलं नाही. किस्से शोधायला मला कुठे जावं लागत नाही, लोक घरपोच आणून देतात. मी ते हसत सांगते, त्यामुळे ऐकणाऱ्याला वाटतं, हिला राग आला नसावा. आला होता. अजून आहे. आधीच सांगून ठेवते.

मी मंजिरी. वय एकेचाळीस. डोंबिवली पूर्वेला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये बारा वर्षं टेक्निशियन आहे. लोकांचं रक्त काढते. ठाकुर्लीला आईबरोबर राहते. जन्माच्या दाखल्यावर माझ्यापुढे मुलगा लिहिलं होतं आणि नावही तसंच ठेवलं होतं. ते नाव इथे सांगणार नाही. ते एकदा कळलं की लोकांना माझ्याबद्दल दुसरं काही लक्षात राहत नाही.

हार्मोन्स सुरू करून पाच वर्षं झालेली. छातीला थोडा आकार आलेला, पण माझ्या रुंद खांद्यांखाली तो असून नसल्यासारखा. लॅबचा पांढरा कोट चढवला की सगळं सपाट. मग मी ठरवलं, इम्प्लांट बसवून घ्यायचे.

*

सगळ्यात आधी गेले रोशनीकडे. रोशनी माझ्यासारखीच, शहाडला राहते, ब्लाउज शिवते. तिच्याकडून ब्लाउज शिवून घ्यायला उल्हासनगरहून बायका येतात. तिने आठ वर्षांपूर्वी डॉक्टर म्हणवणाऱ्या कुणा माणसाकडून छाती भरून यावी म्हणून इंजेक्शनं घेतलेली, हे मला माहीत होतं. पुढचं माहीत नव्हतं.

मी विषय काढला तशी तिने मशीन थांबवलं, दाराला कडी लावली आणि कुर्ता वर केला. उजवीकडे दगडासारखं घट्ट झालेलं, डावीकडची कातडी काळपट. हात लावून बघ, म्हणाली. मी रोज कितीतरी अनोळखी लोकांचे हात चाचपते, पण तिथे माझा हात पुढे होईना. तिनेच तो धरला आणि ठेवला.

"आता कर काय करायचं ते. पण नीट डॉक्टरकडे कर."

मी चिडले. तिच्यावरच चिडले. तू शहाणीसुरती बाई, असल्या माणसाकडे गेलीसच कशी, असं काहीतरी बोलले. तिने कुर्ता खाली केला, सुईत दोरा ओवला आणि मान वर न करता म्हणाली, "नीट डॉक्टरकडे आधी गेलेली ना मी. बाकीचे पेशंट घाबरतात म्हणून मला दारातूनच परत पाठवलं. ह्या माणसाने मला बसायला खुर्ची दिली, चहा पाजला."

*

नीट डॉक्टरकडे जायचं तर आधी मानसोपचारतज्ज्ञाचं सर्टिफिकेट लागतं. माझं डोकं ठिकाणावर आहे आणि मी खरोखर बाई आहे, असं कुणीतरी लिहून द्यायचं. मी ठाण्यात एकांकडे गेले. वयस्कर, सभ्य, हळू बोलणारे. त्यांनी विचारलं, लहानपणी काय खेळायचात?

मी म्हटलं, क्रिकेट. डाव्या हाताने स्पिन टाकायचे. आमच्या चाळीच्या टीममध्ये माझ्यासारखी स्पिन कुणाची नव्हती.

त्यांनी पेन खाली ठेवलं.  मग, आपण अजून एकदा भेटू, म्हणाले.

रोशनीला फोन केला तर ती हसत सुटली. अगं येडी, क्रिकेट काय सांगितलंस, भातुकली सांग, म्हणाली. पुढच्या खेपेला मी भातुकली सांगितली. बाहुलीचं लग्न सांगितलं, आईची साडी सांगितली, आरसा सांगितला. ते भराभर लिहीत होते. मध्येच त्यांनी मला पाणी दिलं. चाळीत भातुकली खेळणाऱ्या मुली होत्या, पण त्या मला कधी घ्यायच्याच नाहीत. हे त्यांनी विचारलं नाही.

सर्टिफिकेट मिळालं. मी खरी आहे, असं त्यावर लिहिलंय. त्यासाठी मला अर्धा तास खोटं बोलावं लागलं.

*

पहिल्या सर्जनने टेबलावर चार-पाच नमुने मांडले आणि माझ्या मागे दाराकडे बघितलं. बरोबर कुणी नाही का? मी नाही म्हटलं. मग साइज कोण ठरवणार, म्हणाले. मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. तर त्यांनी समजावून सांगितलं, की बहुतेक जणींचे मिस्टर किंवा पार्टनर येतात, त्यांची पसंती कळली की बरं पडतं.

मी म्हटलं, घरी मी आणि आई असतो. आईला विचारून येऊ का?

परत गेले नाही.

दुसऱ्या डॉक्टर बाई होत्या. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, काम काय करता? मी सांगितलं. मग दिवसातून किती वेळा हात वर करता, जड काय उचलता, झोपता कुशीवर की पाठीवर. माझ्या छातीची कातडी चिमटीत धरून बघितली. मी मनाशी ठरवून गेलेला साइज सांगितला, तर त्या सरळ नाही म्हणाल्या. तुमची कातडी एवढं झेलणार नाही, जास्तीत जास्त एवढाच, म्हणून एक लहान नमुना पुढे सरकवला. मी वाद घातला. इतकी वर्षं थांबले ती एवढ्याशासाठी का, म्हटलं. घरी येताना रिक्षात रडलेसुद्धा. पण दोन दिवसांनी त्यांनाच फोन केला. पूर्ण भेटीत मिस्टरांचं नाव न काढणारी ती एकटी होती.

*

हॉस्पिटलमध्ये मनगटाला पट्टी बांधली. नाव बरोबर होतं, मंजिरी. त्यापुढे मेल. माझ्या आधारवर ट्रान्सजेंडर आहे, पण काउंटरवरची मुलगी म्हणाली, कॉम्प्युटरमध्ये दोनच ऑप्शन आहेत. मग दुसरा का नाही टाकलास, विचारलं, तर म्हणाली, मॅडम, सरांना विचारावं लागेल. तोंडाने मला मॅडम म्हणत होती आणि पट्टी बदलायला तयार नव्हती.

ऑपरेशन झालं. भूल उतरायला लागली तेव्हा छातीवर कुणीतरी पाटा-वरवंटा ठेवून गेल्यासारखं वाटत होतं. कानाशी नर्सचा आवाज. "सर, डोळे उघडा. सर, ऐकू येतंय का? सर, माझा हात दाबा."

मला सगळं ऐकू येत होतं. मी डोळे उघडले नाहीत.

तिने गालावर टपल्या मारल्या. सर, सर. मी नाहीच. मग तिची धावपळ सुरू झाली. भूल देणारे डॉक्टर आले, त्यांनी पापणी उचलून टॉर्च मारला. पेशंट रिस्पॉन्स देत नाही, असं नर्स रडवेल्या आवाजात सांगत होती. बाहेर रोशनी बसलेली, तिला बोलावलं. ह्यांना आधी असं कधी झालंय का, म्हणून विचारायला.

रोशनीने दारातूनच विचारलं, हाक काय मारताय तिला?

नर्सने सांगितलं.

"मॅडम म्हणून बघा. उघडेल."

*

घरी आल्यावर तीन आठवडे हात खांद्याच्या वर न्यायचे नाहीत. उताणं झोपायचं, पाठीला तीन उशा. स्वतःचे केस विंचरता येत नाहीत, गाऊन चढवता येत नाही, वरच्या फळीवरचा डबा काढता येत नाही. सगळं आईवर आलं. आई सत्तरीची. पाच वर्षांत मी केस वाढवले, कंबरेपर्यंत आले, पण तिने त्यांना कधी हात लावला नव्हता. आता रोज सकाळी कंगवा घेऊन मागे बसायची. इतकी ओढून वेणी घालायची, की डोळ्यांत पाणी यायचं. राग सगळा वेणीत. पण एक दिवसही चुकली नाही.

सोसायटीत तिने परस्पर सांगून टाकलेलं, हर्नियाचं ऑपरेशन झालं.

शेजारच्या जोशीकाकू शहाळं घेऊन आल्या. मी सर्जिकल ब्रा घालून, वर आईचा सैल गाऊन चढवून, उशांना टेकून बसलेली. काकूंनी माझ्याकडे बघितलं, मग पोटाकडे, मग परत वर. चाळीस वर्षं शाळेत शिकवलेली बाई, तिला काय कळायचं राहिलंय. तरी अगदी शांतपणे म्हणाल्या, "वहिनी, हर्निया पोटाला होतो ना?"

आईने शहाळं घेतलं. "आमच्याकडे वर होतो," म्हणाली आणि ग्लास आणायला आत गेली.

काकू होत्या तोवर मी ओठ चावून बसले. हसले असते तर टाके ओढले असते. त्या गेल्यावर मात्र माझा संताप झाला. एवढं सोसून जे मिळवलं, ते तू आजार म्हणून सांगतेस, म्हटलं.  आई भांडी घासायला लागली, नेहमीपेक्षा जोरात.

त्याच आठवड्यात दादाचा फोन. दादा कल्याणला असतो, पाच वर्षांत एकदाही आमच्या घरी आलेला नाही. फोन स्पीकरवर होता, कारण मला कानाला धरता येत नव्हता. म्हणाला, स्वतःची हौस केलीस ती केलीस, ह्या वयात आईला हे असलं बघायला लावतेस, ड्रेसिंग करायला लावतेस, तिला काय वाटत असेल.

आई पोळ्या लाटत होती. हातातलं लाटणं तसंच घेऊन आली आणि फोनवर वाकून म्हणाली, "अकरावीत तुला बसायच्या जागी गळू झालेलं. महिनाभर रोज कोण बघत होतं रे?"

तिकडून फोन ठेवल्याचा आवाज आला. आई परत पोळ्यांकडे गेली. संध्याकाळी जोशीकाकू परत शहाळं घेऊन आल्या, तेव्हा आईने त्यांना दारात थांबवून काहीतरी हळू आवाजात सांगितलं. काय ते मी विचारलं नाही. काकूंनी आत डोकावून मला हात केला.

*

महिन्याने लॅबमध्ये रुजू झाले. पांढरा कोट आता थोडा पुढे यायचा. माझ्या नजरेत अगदी थोडा, लोकांच्या नजरेत मात्र बराच. चौथ्या दिवशी एक गृहस्थ आले, साठीचे, फुल बॉडी चेकअप. मी दंडाला पट्टा आवळला, शीर सापडली, स्पिरिट लावलं. ते माझ्या कोटाकडे बघत म्हणाले, हे ओरिजिनल आहे का?

"काका, सुई आत्ता माझ्या हातात आहे."

त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. रक्त पहिल्याच टोचणीत आलं, त्यांना कळलंही नसेल. पण काउंटरवर जाऊन त्यांनी तक्रार केली, की तुमच्या लॅबमधली ती जी कोण आहे, तिने धमकी दिली.

लॅबचे डॉक्टर वाईट माणूस नाहीत. हार्मोन्स सुरू केले तेव्हा त्यांनीच रजिस्टरवरचं माझं नाव बदलून दिलेलं. त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं, बसवलं, आणि आता काही दिवस तू आत मशीनवर थांब, म्हणाले. तुझ्याच भल्यासाठी सांगतोय. मी विचारलं, काही दिवस म्हणजे किती? ते म्हणाले, लोकांना सवय होईपर्यंत. मी म्हटलं, मला बघायलाच मिळालं नाही तर सवय कशी होणार? ते माझ्या रजेच्या फॉर्मवर सही करायला लागले, जी रजा संपून चार दिवस झालेले.

तेव्हापासून मी आतल्या खोलीत. बाहेर रक्त काढायला दोन नवीन मुली. बारा वर्षांत ज्या शिरा मी डोळे मिटून शोधल्या, त्यांच्यावर त्या मुली तीन-तीनदा टोचतात आणि बाहेरून लोकांचं आई गं ऐकू येतं. मी आत सॅम्पल फिरवत बसते आणि दात खाते.

*

आमच्या काउंटरवर सुनंदाताई आहेत. रिटायर व्हायला आल्या आहेत, डॉक्टरांना अरे-तुरे करू शकणारी लॅबमधली एकटी बाई. एका सकाळी त्या आत आल्या, म्हणाल्या, मंजिरी, बाहेर ये. दोन्ही मुलींना शीर सापडत नाहीये, बाईंच्या हाताची चाळण झाली.

मी म्हटलं, मला बाहेर यायला बंदी आहे.

"बंदी मी बघते. तू ये."

खुर्चीत एक बाई बसलेल्या. पासष्टीच्या आसपास, नऊवारी नव्हे, साधी सुती साडी, कपाळावर बारीक टिकली. उजव्या कोपराच्या खोबणीत कापसाचे दोन बोळे चिकटवलेले. मी डावा हात मागितला.

डावा नको, म्हणाल्या. त्या बाजूचं काढलंय. अकरा वर्षं झाली.

कॅन्सरमध्ये ज्या बाजूचा स्तन काढलाय, त्या हातातून रक्त काढायचं नसतं, हे मला माहीत आहे. मी सॉरी म्हटलं आणि खाली बसून उजव्या हाताची पाठ बघायला लागले. अजून मी खाली वाकताना एक हात आपोआप छातीशी धरायचे. त्यांनी ते बघितलं.

"तुमचंही झालं का?" आवाज एकदम खाली आला त्यांचा. "कोणत्या बाजूचं?"

दोन्ही नवीन मुली माझ्याकडे बघायला लागल्या. सुनंदाताई काउंटरवर उगीचच कागद चाळायला लागल्या.

मी म्हटलं, "नाही काकू. माझं उलट आहे. मी बसवून घेतलेत. दोन्ही."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. तोंडाकडे, मग खांद्यांकडे, मग माझ्या हातांकडे. सगळं त्यांना कळलं, हे मला कळलं. मी वाट बघत होते. ह्या ठिकाणी लोक काय काय म्हणतात ते मला पाठ आहे, आणि त्या प्रत्येकाला द्यायचं उत्तर माझ्याकडे तयार असतं.

त्यांनी पदर नीट केला.

"असं बसवून मिळतं, हे मला डॉक्टरांनी सांगितलं नव्हतं," त्या म्हणाल्या. "नंतर दुसऱ्या पेशंटकडून कळलं. मग मी जाऊन विचारलं त्यांना. तर म्हणाले, आजी, आता तुम्हाला काय करायचंय? चोपन्न वर्षांची होते मी."

मग त्यांनी मूठ घट्ट आवळली आणि उजवा हात माझ्यापुढे धरला.