झालं की फोन कर

अक्का गेल्याचा फोन आला तेव्हा माझ्या टेबलावर कॉम्प्युटरचं कॅबिनेट उघडं पडलेलं होतं आणि त्यातली मेमरीची पट्टी मी एका धुतलेल्या फडक्यावर काढून ठेवली होती. अक्कांनीच सकाळी तसं सांगितलं होतं. मशीन सुरू होत नव्हतं, पडदा काळाच, आणि आतून लांब लांब बीप येत होते. मी धुळ्याहून जळगावला फोन लावून तो आवाज त्यांना ऐकवला. ऐकून त्या म्हणाल्या, पट्टी काढून ठेव, मला जरा अस्वस्थ वाटतंय, थोडी पडते, दुपारी फोन करते, मग पुढचं सांगते. दुपारी फोन आला, पण तो त्यांच्या मुलाचा, विवेकचा. "मामी, आई गेली," एवढंच म्हणाला. झोपेतच गेल्या... पट्टी फडक्यावर तशीच ठेवून आम्ही जळगावला निघालो.

अक्का म्हणजे माझी नणंद, आमच्या ह्यांची थोरली बहीण. नणंद म्हटली की ती खोट काढणारच, असं माझ्या आईने लग्नाआधी मला बजावून ठेवलं होतं. आईचं खरं झालं. फक्त अक्कांनी स्वयंपाकातली खोट कधी काढली नाही, त्यांचा सगळा डोळा यंत्रांवर. जळगावात एका संगणक वर्गात त्या शिकवायच्या आणि तिथली बंद पडलेली मशीनं कोणी येऊन दुरुस्त करण्याची वाट बघून कंटाळल्या तेव्हा एक दिवस स्वतःच उघडून बसल्या. तेव्हापासून त्यांच्या पर्समध्ये कंगव्याशेजारी स्क्रूड्रायव्हर असायचा, आणि शाळेतल्या पोरांचा असतो तसला पांढरा खोडरबर.

आमच्या खान्देशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात. झोके बांधलेले असतात, घरात सांजोऱ्या आणि आमरस असतो, आणि बाहेर अंगाची लाही करणारं ऊन. बाकीच्या लेकी झोक्यावर बसायच्या. आमच्या अक्का हातपाय धुवायच्या, आंब्याची फोड तोंडात टाकायच्या आणि विचारायच्या, "मशीन कसं शे?" आपण कसे आहोत हे त्यानंतर. मला पहिल्यांदा रागच आला होता. ही बाई माहेरपणाला आली आहे की तपासणीला, असं मी ह्यांना म्हटलंही. ते हसून म्हणाले, लहानपणी तिने आमच्या वडिलांचं, आबांचं घड्याळ उघडलं होतं, ते अजून उघडंच आहे.

कॉम्प्युटर ह्यांनी हौसेने आणला होता, पण त्यांची हौस महिनाभरात फिटली आणि मी त्यावर छापखान्यांसाठी लग्नपत्रिका जुळवू लागले. उन्हाळा म्हणजे लग्नसराई, म्हणजे माझं काम ऐन भरात, आणि नेमकं तेव्हाच मशीन तापून बंद पडायचं. एका वर्षी मी डोकं चालवलं. कॅबिनेटचं एका बाजूचं झाकण काढलं आणि समोर कूलर लावून दिला. माणसाला थंड वाटतं तर मशीनला का नाही वाटणार? दोनेक दिवस ते मजेत चाललं आणि मग मेलं. आखाजीला अक्का आल्या, त्यांनी तो पाण्याचा गारवा सोडणारा कूलर बघितला, उघडं कॅबिनेट बघितलं आणि पोट धरून हसल्या. "ऊन लागलं म्हणून त्याच्या खिशात कांदा नही ठेवला का वं?" असं त्यांनी विचारलं. मग कळलं की धुळ्या-जळगावात निम्म्या घरांनी हाच पराक्रम केलेला होता. दमट हवा आत शिरते, त्यात धूळ मिसळते आणि पट्टीचे सोनेरी दात मळतात.

मला वाटलं, आता त्या दुरुस्त करतील आणि मी चहा ठेवीन. त्यांनी स्क्रूड्रायव्हर माझ्याच हातात दिला. माझे सासरे, आबा, तिथेच पलंगावर बसले होते. ते म्हणाले, बाईमाणसाने त्यात हात घालू नये, शॉक बसायचा. मलाही मनातून तेच वाटत होतं. शॉकपेक्षा जास्त भीती होती ती मोडण्याची. सासरी आलेल्या बाईच्या हातून काही मोडलं की ते वर्षानुवर्षं सांगितलं जातं. अक्कांनी वायर भिंतीतून काढून आबांच्या मांडीवर ठेवली आणि म्हणाल्या, आबा, तुम्ही ही धरून बसा, म्हणजे शॉक कुठून येतो ते तुम्हालाच कळेल. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "घाबरू नको. तुन्हा हात, मन्हं डोकं. मोडलं तर मी मोडलं, असं सांगसू."

असं मला सासरच्या कोणी त्याआधी म्हटलं नव्हतं. म्हणून ते वाक्य मला आजही त्यांच्या आवाजासकट आठवतं.

मग मी शिकले. आधी वायर काढायची, सुरू करायचं बटण थोडा वेळ दाबून धरायचं, म्हणजे आत राहिलेली वीज निघून जाते. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावायचा. दोन्ही टोकांच्या खिट्ट्या उघडून पट्टी सरळ वर काढायची, दातांना बोट लावायचं नाही. खोडरबरने हलक्या हाताने दात घासायचे, चुरा झटकायचा, पट्टी परत बसवायची, आणि दोन्ही खिट्ट्या टक करून लागेपर्यंत दाबायची. त्या दिवशी बटण दाबल्यावर एकच छोटा बीप आला आणि पडदा उजळला. आबांनी मांडीवरची ती वायर मघाशीच सोडली होती, पण टाळी त्यांनीच वाजवली.

त्यानंतर आमचं सगळं फोनवर चालायचं. त्या कधीही पहिल्यांदा मशीनबद्दल बोलायच्या नाहीत, ते बंद पडण्याआधी काय केलं होतं ते विचारायच्या. घर झाडलं का, टेबल हलवलं का, कोणी पाहुणं पोर खेळून गेलं का? डॉक्टरसारख्या. आणि चुकायच्याही, हे सांगितलं नाही तर त्या मला वरून ओरडतील. एकदा पडदा काळा झाला तर व्हायरस आहे, असं त्यांनी ठामपणे जाहीर केलं, माझ्याकडून सगळं मशीन पुसून नव्याने भरून घ्यायचं ठरलं, आणि शेवटी कळलं की रंगकाम करताना पडद्याची वायर ढिली झाली होती. त्यावर त्या म्हणाल्या, व्हायरस वायरीत होता. हार मानणं त्यांच्या रक्तात नव्हतं. पण दुसऱ्या खेपेला मशीन खरंच नव्याने भरावं लागलं आणि माझे मराठी फॉन्ट उडून एका पत्रिकेतल्या नवरदेवाच्या नावाच्या जागी नुसते चौकोन उमटले, तेव्हा त्या रागावल्या नाहीत. आखाजीला त्यांनी सगळे फॉन्ट पेनड्राइव्हवर घालून दिले आणि तो देवघराच्या खणात ठेवायला लावला.

एका गोष्टीत मात्र त्यांना सूट चालायची नाही. मशीन सुरू झाल्यावर परत फोन करायचाच. त्या म्हणायच्या, दुखतं तेव्हा सगळे येतात, बरं वाटलं हे सांगायला कोणी येत नाही. पुष्कळदा तो दुसरा फोन भाऊजी, म्हणजे त्यांचे यजमान, उचलायचे, कारण अक्कांचे हात पिठात असायचे. भाऊजी मूळचे पारोळ्याकडचे आणि मोजकं बोलणारे. त्यांचं माझ्याशी ठरलेलं बोलणं एवढंच, "व्हयना का चालू? सांगस तिले." म्हणजे, झालं का चालू, सांगतो तिला. आणि फोन बंद.

जळगावहून आम्ही अग्निसंस्कार आटोपून परत आलो. दुसऱ्या दिवशी विवेकचा निरोप आला, गंधमुक्तीची, म्हणजे सुतक फिटण्याच्या विधीची, पत्रिका संध्याकाळपर्यंत छापखान्यात गेली पाहिजे. सोबत मजकूर आणि फोटो होता. त्याने लिहिलं होतं, मामी, दुसऱ्या कोणाकडून करून घेतलेली आईला चालली नसती. आमच्या दोन्ही घरांतलं प्रत्येक लग्न आणि प्रत्येक मरण याच मशीनवर जुळवलेलं आहे. हे म्हणाले, राहू दे, मी बाहेरून करून आणतो. पण मला ते नको होतं. पट्टी फडक्यावर तशीच होती. त्यांनी मला अर्धंच सांगितलं होतं, पुढचं दुपारी सांगणार होत्या.

मी टेबलाशी बसले, पण हात पुढे जाईना. मला रडू येत होतं आणि डोळ्यातलं पाणी पट्टीवर पडेल म्हणून मी मान मागे करून बसले होते... हे बघून अक्का हसल्या असत्या, एवढं मात्र वाटलं. मग मी वायर काढली आहे ना ते बघितलं, पत्र्याला हात लावला आणि खोडरबर घेतला. त्यांनीच मागच्या आखाजीला विसरलेला, एका कोपऱ्याने झिजून गोल झालेला. पुढचं मला सगळं येत होतं. मला येतं हे त्यांना ठाऊक होतं, आणि तरी इतकी वर्षं त्या फोनवर थांबायच्या.

पट्टी बसवून वायर लावली आणि बटण दाबलं. एकच छोटा बीप आला.

नवी पत्रिका करायची तर मी नेहमी जुनी उघडते आणि नावं बदलते. आबांच्या गंधमुक्तीची उघडली. आमच्याकडे अशा पत्रिकेत खाली सगळी पुरुषांचीच नावं असतात. आबांच्या वेळी अक्कांनी भांडून लेकीसुनांची घालायला लावली होती, त्यामुळे त्यांचं नाव तिथे होतं, माझ्या नावाच्या वर. ते नाव मी तिथून उचललं आणि मधोमध, मोठ्या अक्षरात नेऊन ठेवलं. नावाआधी कै. सौ. जोडलं. खाली माझ्या नावाच्या वरची जागा मोकळी दिसू लागली.

पत्रिका छापखान्यात पाठवली. मग मशीन बंद केलं, झाकण लावलं, आणि हात आपोआप फोनकडे गेला. अक्कांचा नंबर लावून झाल्यावर मी काय केलं ते माझ्या लक्षात आलं, पण तोवर तिकडे रिंग वाजत होती. भाऊजींनी उचलला. माझा नंबर बघून त्यांनीच विचारलं,

"व्हयना का चालू?"

"व्हयना," मी म्हटलं.

"सांगस तिले," ते म्हणाले.

फोन मात्र त्यांनी बंद केला नाही. मीही केला नाही.