भिंतीकडच्या रांगेला काही बोलायचं नाही

"आता हिच्याकडे बघा," डॉक्टर पाहुण्यांना म्हणाले. मी तिथेच उभी होते, हातात मुलींचे तपासलेले सर्किट बोर्ड घेऊन.

मग माझ्याकडे वळून ते हसले. "तुझ्यासारखं शिकवणारं माणूस मी कित्येक वर्षांत पाहिलं नाही."

माझी पाठ ताठ झाली. आपोआप.

"पाहिलंत? पाठ बघा. दर मंगळवारी हे एक वाक्य हिला देतो. तीन महिने झाले. आता न सांगता संध्याकाळी तासभर जास्त थांबते."

एका बाईंनी ते वहीत लिहून घेतलं. एक गृहस्थ हसले. कुत्र्याचं पिल्लू चेंडू घेऊन आलं की माणसं हसतात, तसे.

पाठ वाकवावी की तशीच ठेवावी, मला कळेना.

आमच्या घरात पदवीचा कागद माझ्यामुळे आला. बी.एस्सी. आमची माणसं किती पिढ्या बेंगळुरात आहेत ते कुणी मोजलेलं नाही, पण कॉलेजच्या पायरीवर पाय ठेवणारी मीच पहिली. आप्पा, माझे वडील, गिरणीत. मंगळवारी घरी गेले की मी त्यांना सांगायचे, आज डॉक्टर असं म्हणाले. बुधवारी आप्पा ते गिरणीत सांगायचे. तीन महिने सगळ्या खात्याने ऐकलं.

नव्वद साल उलटल्यापासून इलेक्ट्रॉनिक सिटीकडे कारखान्यांची रीघ लागली आहे. त्यांना बोर्डवर सोल्डरिंग करणाऱ्या, म्हणजे कथिल वितळवून सुटे भाग जोडणाऱ्या, मुली हव्यात. त्या घडवायला एका संस्थेने केंद्र काढलं. सहा महिने शिक्षण, शेवटी कारखान्याची चाचणी, पास झाली तर नोकरी. डॉक्टर औषधाचे नव्हेत. वर्तनशास्त्राचे. परदेशात शिकून आलेले. माणूस कशाने लवकर शिकतो, ते त्यांना मोजायचं होतं. मोजावं की. मलाही ते पटलं होतं.

वीस मुली. चिठ्ठ्या टाकून दोन रांगा केल्या. एक खिडकीकडची, एक भिंतीकडची. मला एक गुलाबी कार्ड दिलं. खिडकीकडच्या रांगेला कितव्या मिनिटाला शाबासकी द्यायची, ते त्यावर छापलेलं. काम कसंही असो. खाली एक ओळ: भिंतीकडच्या रांगेला काही बोलायचं नाही. चांगलं नाही, वाईट नाही, काही नाही.

डॉक्टरांच्या घरातल्या कुणा मुलीचं नाव त्या चिठ्ठ्यांत नव्हतं.

सरोजा भिंतीकडे आली. अत्तिबेलेहून पहाटेच्या बसने यायची. पहिल्या आठवड्यातच तिचा हात बसला. सोल्डरचा थेंब असा चकचकीत, गुळगुळीत की बघत राहावं. बोर्ड वर धरून विचारायची, "अक्का, सरी? बरोबर?"

मी पुढे जायचे.

"अक्का, स्वल्प बघा ना. बरोबर आहे की नाही एवढंच सांगा."

मी पुढे जायचे. एप्रनच्या खिशात कार्ड.

महिन्याभराने तिने विचारणं सोडलं. मग एक वेगळंच सुरू झालं. चांगला बसलेला जोड ती वितळवून काढायची आणि पुन्हा करायची. पुन्हा काढायची. मी बोलले नाही म्हणजे चुकलंच असणार, असं तिने धरलं. एकाच जागी इतक्यांदा उष्णता दिली की बोर्डावरची तांब्याची पट्टी सुटून वर येते. मग तो बोर्ड भंगारात. तिचे बोर्ड असे एकामागून एक भंगारात जाऊ लागले. बोटांवर फोड आले. समोरच्या खिडकीकडची एक मुलगी मळकट, कोरडे जोड देत होती आणि माझ्याकडून शाबासकी घेत होती. छापलेल्या मिनिटाला.

हे मी बघितलं. रोज. आणि घरी जाऊन आप्पांना माझं कौतुक सांगितलं.

पाहुणे गेले. डॉक्टरांनी एक कागद पुढे केला. कारखान्याच्या चाचणीआधी सरोजाचं नाव कमी करायचं होतं. कारण आधीच टाइप केलेलं: कुवत कमी. खाली शिक्षिकेची सही.

"सर, कार्डाचं कुठे लिहू?"

"कार्ड आपलं काम आहे. कुवत तिची आहे."

"तिचा हात सगळ्यांत चांगला होता. मी पाहिलाय."

"तू समंजस आहेस. तुझ्याकडून ही अपेक्षा नव्हती."

"हे कुठल्या वाराचं वाक्य, सर?"

मी पेन टेबलावर ठेवलं आणि वर्गात गेले.

वर्गात मी कार्ड मोठ्याने वाचलं. सगळं. मिनिटं, रांगा, शेवटची ओळ. मग एकेका टेबलाशी गेले. हा जोड कच्चा. हा चांगला, कारण कडेपर्यंत पसरलाय. ज्यांना चार महिने शाबासकी मिळाली होती, त्यातल्या दोघी रडायला लागल्या. मी थांबले नाही.

सरोजापाशी आले. म्हटलं, "तुझं पहिल्या आठवड्यातलं काम सरी होतं. अगदी सरी."

तिने मान वर केली नाही.

"हे कुठल्या कार्डावर आहे, अक्का?"

तिने सोल्डरिंगची तापलेली सळई स्टँडवर ठेवली, डबा पिशवीत टाकला आणि गेली. चाचणी झाली, ती आली नाही. त्या कागदावर दुसऱ्या कुणाची तरी सही झाली. अहवालातल्या आलेखात सरोजा एक रेघ आहे, खाली उतरणारी. मला मात्र कार्ड वाचलं त्याच दिवशी काढलं होतं.

माझी सही त्यावर नाही, म्हणून मी स्वच्छ आहे असं नाही. चार महिने गप्प बसणारं तोंड माझंच होतं.

पुढच्या महिन्यात होसकोट्याला नवं केंद्र उघडतंय. पद्धत यशस्वी ठरली म्हणे. छापखान्यात कार्डं गेली आहेत, आता गठ्ठ्यांनी.

मीही जाणार आहे. केंद्राच्या फाटकाशी. आत शिरणाऱ्या प्रत्येक मुलीला सांगणार: शाबासकी मिळाली तर विचार, कशाबद्दल. शिकवणारे गप्प राहिले तर विचार, का. उत्तर मिळेपर्यंत चांगला जोड उपटू नकोस.

त्यांनी हाकललं तर रस्त्याच्या पलीकडे उभी राहीन. रस्ता त्यांचा नाही.